पाण्यात शिरल्यावर प्रकाशाचा धक्का वाढतो की कमी होतो? हर्मान मिन्कोव्स्की यांचे जीवन आणि शंभर वर्षे लांबलेला एक प्रश्न



नववीच्या विज्ञानात आपण संवेग शिकवतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, हे मुलांना चटकन पाठ होते. कॅरमचा स्ट्रायकर, क्रिकेटचा चेंडू, बंदुकीची गोळी ही उदाहरणेही आपली ठरलेली असतात. मग वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारते, की प्रकाशाला वस्तुमान नसते, तर त्याला संवेग असतो का?

उत्तर आहे : असतो. पण त्याच मुलाने पुढचा प्रश्न विचारला तर? हाच प्रकाश पाण्यात किंवा काचेत शिरला की त्याचा संवेग वाढतो की कमी होतो?

हा प्रश्न साधा दिसतो, पण १९०८ आणि १९०९ या लागोपाठच्या दोन वर्षांत दोन विद्वानांनी त्याची दोन उलट उत्तरे दिली. एकाच्या गणितानुसार पाण्यात प्रकाशाचा संवेग १.३३ पट होतो, दुसऱ्याच्या गणितानुसार तो पाऊणपट उरतो. दोघेही एकाच विद्यापीठात शिकवत होते. आणि दुसऱ्याचे उत्तर छापून आले तेव्हा पहिला हयात नव्हता. त्यामुळे दोघांची समोरासमोर चर्चा कधी झालीच नाही.

हे पहिले विद्वान म्हणजे हर्मान मिन्कोव्स्की. अवकाश आणि काळ यांना एकत्र जोडणारा गणिती म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. आज त्यांचे आयुष्य आणि हा प्रश्न असे दोन्ही सोबत पाहूया.

आधी प्रकाशाचा धक्का

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि ती ज्या वस्तूवर पडते तिला किंचित ढकलते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथात गणिताने दाखवले होते. हा धक्का इतका लहान असतो की आपल्याला तो कधीच जाणवत नाही. सूर्यप्रकाशात एक चौरस मीटरचा आरसा धरला, तर त्यावर प्रकाशाचा दाब पडतो तो एक मिलिग्रॅमच्या वजनापेक्षाही कमी. तरीही १९०१ च्या सुमारास रशियात प्योत्र लेबेदेव यांनी आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांनी तो प्रयोगशाळेत मोजला. धूमकेतूच्या धुळीचे शेपूट सूर्यापासून दूर ढकलले जाते त्यामागेही हाच दाब आहे. २०१० मध्ये जपानने इकारोस नावाचे यान सोडले. त्याला १४ मीटर बाजूचे पातळ चौकोनी शीड होते, आणि त्या शिडाला सूर्यप्रकाशाच्या धक्क्याने गती मिळाली.

थोडक्यात, निर्वात पोकळीत काही वाद नाही. प्रकाशाची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग, एवढा त्याचा संवेग. वाद सुरू होतो तो प्रकाश पदार्थात शिरला की. तो वाद कसा उभा राहिला हे कळायला आपल्याला मिन्कोव्स्कींच्या बालपणापासून जायला हवे.

कोव्हनो ते क्योनिग्सबर्ग

हर्मानचा जन्म २२ जून १८६४ चा. गाव कोव्हनो शहराला लागून असलेले अलेक्सोटास. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो लिथुआनियात आहे. कुटुंब ज्यू, वडील व्यापारी. झारच्या राज्यात ज्यू लोकांवर शिक्षणापासून व्यवसायापर्यंत अनेक बंधने होती. त्यामुळे १८७२ मध्ये, हर्मान आठ वर्षांचा असताना, हे कुटुंब सीमा ओलांडून प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग या शहरात आले. गणिताच्या शिक्षकांना हे शहर सात पुलांच्या कोड्यामुळे माहीत असते. ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेले कोडे ते हेच. आज या शहराचे नाव कालिनिनग्राद आहे.

या घरातली मुले हुशार होती. हर्मानचा मोठा भाऊ ऑस्कर डॉक्टर झाला. स्वादुपिंड काढून टाकले की मधुमेह होतो, हे १८८९ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांच्यासोबत कुत्र्यावरच्या प्रयोगातून दाखवणारे मिन्कोव्स्की म्हणजे हेच ऑस्कर. पुढे इन्सुलिनचा शोध लागला त्याची वाट तिथून निघाली.

हर्मानने शाळेचा अभ्यासक्रम वेळेआधीच संपवला आणि १८८० मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला डेव्हिड हिल्बर्ट हा मित्र भेटला. हिल्बर्ट दोन वर्षांनी मोठा. १८८४ मध्ये अडॉल्फ हुर्विट्स हे तरुण प्राध्यापक तिथे आले आणि तिघांची गट्टी जमली. रोज दुपारी ठीक पाच वाजता हे तिघे फिरायला निघत आणि एका सफरचंदाच्या झाडापर्यंत चालत जात. चालता चालता गणिताच्या सगळ्या शाखांवर बोलणे होई. फळा नाही, वही नाही. पुढे गणिताच्या जगात फार मोठा झालेला हिल्बर्ट या फिरण्यातून किती शिकला हे आयुष्यभर सांगत राहिला.

अठराव्या वर्षी पॅरिसचे पारितोषिक, आणि त्यासोबत आरोप

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८८१ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली होती. प्रश्न असा, की दिलेली पूर्ण संख्या पाच वर्गसंख्यांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते? उदाहरणार्थ ७ म्हणजे ४ + १ + १ + १ + ०. एक संख्या घेऊन मोजणे सोपे, सर्व संख्यांसाठी नियम सांगणे फार अवघड.

हर्मानने उत्तर पाठवले. निबंध फ्रेंचमध्ये हवा असा नियम होता, त्याने तो जर्मनमध्येच पाठवला. तरीही १८८३ मध्ये त्याला पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

पण आनंद निर्भेळ नव्हता. ऑक्सफर्डचे हेन्री स्मिथ यांनी या प्रश्नाचे उत्तर १८६७ मध्येच थोडक्यात छापले होते, आणि अकादमीला ते माहीत नव्हते. पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. स्मिथ मात्र निकालाच्या दोन महिने आधीच वारले होते. फ्रेंच वृत्तपत्रांत आरडाओरड झाली. या पोराने स्मिथचे काम उचलले असेल, असेही सुचवले गेले. अकादमीच्या गणितज्ञांनी दोन्ही निबंध पाहिलेले होते. ते हर्मानच्या बाजूने उभे राहिले.

पालकहो, जरा विचार करा. अठरा वर्षांच्या मुलावर परक्या देशाच्या वृत्तपत्रांतून चोरीचा संशय. अशा वेळी त्याचे काम खरोखर वाचलेली मोठी माणसे पाठीशी उभी राहिली, म्हणून तो मुलगा गणितात टिकला असेल असे मला वाटते.

रांगोळीचे ठिपके आणि संख्या

१८८५ मध्ये मिन्कोव्स्कींना डॉक्टरेट मिळाली आणि १८८७ पासून ते बॉन विद्यापीठात शिकवू लागले. त्यांची विचार करण्याची खास पद्धत इथे तयार झाली. संख्यांचा प्रश्न आला की ते त्याचे चित्र करत.

आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद डोळ्यासमोर आणा. आडवे-उभे एकेक सेंटिमीटरवर ठिपके. मधल्या एका ठिपक्याभोवती कोणताही आकार काढा. दोन अटी : आकाराला कुठे आत गेलेला खळगा नको, आणि त्या ठिपक्याभोवती अर्धा फेरा फिरवला तर आकार जसाच्या तसा दिसायला हवा. आता या आकाराचे क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर आत आणखी एखादा ठिपका येणारच. आकार कितीही लांबट करा, तिरका करा, सुटका नाही.

एवढ्या साध्या चित्रातून त्यांनी पूर्ण संख्यांविषयीचे अवघड सिद्धान्त काढले. १८९६ मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथ आला आणि संख्यांची भूमिती ही शाखाच उभी राहिली. ही सवय लक्षात ठेवा. पुढे प्रकाशाच्या बाबतीतही त्यांनी हेच केले.

बॉनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून देणारे हाइनरिश हर्ट्झ १८८९ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आले. मिन्कोव्स्की त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले, भौतिकशास्त्र शिकू लागले. पण १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी गेले. हर्ट्झ जगले असते तर आपण भौतिकशास्त्राकडेच वळलो असतो, असे मिन्कोव्स्की म्हणत. लहरींशी जुळलेले नाते मात्र तुटले नाही. ते तेरा-चौदा वर्षांनी पुन्हा वर आले.

झुरिकचा वर्ग आणि मागच्या बाकावरचा विद्यार्थी

काही काळ क्योनिग्सबर्गला घालवून १८९६ मध्ये मिन्कोव्स्की झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये आले. १८९७ मध्ये त्यांचे लग्न ऑगुस्टे आडलर यांच्याशी झाले. पुढे त्यांना दोन मुली झाल्या.

त्याच १८९६ साली पॉलिटेक्निकमध्ये १७ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला होता. नाव आल्बर्ट आइन्स्टाइन. त्याच्या अभ्यासक्रमात मिन्कोव्स्कींचे बरेच विषय होते, पण तासाला हजर राहणे त्याला फारसे जमत नसे. परीक्षेच्या वेळी मार्सेल ग्रॉसमान या मित्राच्या वह्या कामाला येत. इतके वरचे गणित भौतिकशास्त्राला लागणार नाही, असे त्याला तेव्हा वाटत होते. मिन्कोव्स्कींचे त्याच्याविषयीचे मत काय झाले असेल ते आपण शिक्षक ओळखू शकतो : मुलगा आळशी आहे, गणिताची त्याला पर्वा नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर मिन्कोव्स्कींचे शिकवणेही सोपे नव्हते. ते थोर गणिती होते, पण सगळ्या वर्गाला सोबत घेऊन जाणारे शिक्षक म्हणून त्यांची ख्याती नव्हती. दोघांचे मार्ग तिथे वेगळे झाले.

गुरूने विद्यार्थ्याचा लेख मागवला

१९०२ मध्ये हिल्बर्टने आग्रह धरून गटिंगेन विद्यापीठात मिन्कोव्स्कींसाठी प्राध्यापकाची नवी जागा तयार करून घेतली. दोन जुने मित्र पुन्हा एकत्र आले. १९०५ मध्ये दोघांनी मिळून इलेक्ट्रॉनच्या सिद्धान्तावर अभ्यासवर्ग चालवला. त्याच वर्षी बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा लेख प्रसिद्ध झाला.

मिन्कोव्स्कींना आश्चर्य वाटले. तासाला न येणाऱ्या त्या मुलाकडून हे होईल असे त्यांना कधी वाटले नव्हते. पण त्यांनी जे केले ते आपल्यासारख्यांनी पाहण्यासारखे आहे. १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आइन्स्टाइनला पत्र पाठवले आणि अभ्यासवर्गासाठी त्या लेखाची प्रत मागितली. गटिंगेनचा नावाजलेला प्राध्यापक आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडून शिकायला बसला. तो विद्यार्थी तेव्हा पेटंट कार्यालयात काम करत होता.

आणि नुसते शिकून थांबले नाहीत. आइन्स्टाइनने प्रामुख्याने निर्वात पोकळीतल्या लहरी आणि त्यातला इलेक्ट्रॉन यांचा विचार केला होता. मिन्कोव्स्कींनी विचारले, की लहर पाण्यातून, काचेतून जात असेल आणि तो पदार्थ स्वतःच हलत असेल, तर समीकरणे कशी असतील? २१ डिसेंबर १९०७ रोजी त्यांनी हे काम गटिंगेनच्या विज्ञान सभेपुढे ठेवले. १९०८ मध्ये ते छापून आले.

या लेखात त्यांनी नेहमीप्रमाणे चित्र केले, पण या वेळी चार मितींचे. अवकाशाच्या तीन आणि काळाची चौथी. मुलांना हे समजावताना अंतर-काळ आलेख घ्या. एका अक्षावर स्थानके, दुसऱ्यावर वेळ, आणि लोकल गाडी म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. मिन्कोव्स्कींनी सगळ्या विश्वाकडे असे पाहिले. प्रत्येक वस्तू म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या नकाशावरची एक रेघ.

या नकाशात बसेल अशा पद्धतीने त्यांनी लहरीची ऊर्जा, ऊर्जेचा प्रवाह, संवेग आणि ताण या साऱ्यांना एका कोष्टकात मांडले. चार ओळी, चार स्तंभ, एकूण सोळा घरे. या कोष्टकातल्या संवेगाच्या घरांतून निष्कर्ष निघत होता, की पदार्थात प्रकाशाचा संवेग अपवर्तनांकाच्या पटीत वाढतो. लेखाच्या मोठ्या पसाऱ्यात ही बाब अगदी लहान होती.

२१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन शहरात शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्यांनी अवकाश आणि काळ या विषयावर भाषण केले. अवकाश वेगळे आणि काळ वेगळा मानणे आता सोडावे लागेल, दोघांचे मिळून एकच वास्तव आहे, असा त्याचा आशय होता. त्या भाषणाने त्यांचे नाव सर्वत्र झाले.

चार महिने

त्यानंतर जेमतेम चार महिने गेले. डिसेंबर १९०८ मध्ये मिन्कोव्स्कींनी माक्स बॉर्न या तरुणाला सोबत काम करायला बोलावून घेतले होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिन्कोव्स्कींना ॲपेंडिक्सचा तीव्र त्रास सुरू झाला. शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. १२ जानेवारी १९०९ रोजी ते गेले. वय ४४.

हिल्बर्ट वर्गात ही बातमी सांगताना विद्यार्थ्यांसमोर रडले. त्याच सुमारास संख्या म्हणजे घातांची बेरीज, या वॉरिंगच्या प्रसिद्ध प्रश्नाचे उत्तर हिल्बर्टना सापडले होते. मिन्कोव्स्कींच्या पाच वर्गांच्या प्रश्नाच्याच घराण्यातला हा प्रश्न. तो लेख हिल्बर्टनी आपल्या मित्राच्या स्मृतीला अर्पण केला. मिन्कोव्स्कींची अपुरी राहिलेली टिपणे बॉर्नने लावून पूर्ण केली.

आणि आइन्स्टाइन? सुरुवातीला त्याला आपल्या गुरूंची चार मितींची मांडणी उगीच गणिती थाटाची वाटली होती. १९१२ नंतर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त उभा करताना त्याला कळले, की या मांडणीशिवाय पुढे जाताच येत नाही. तेव्हा मदतीला पुन्हा वहीवाला मित्र ग्रॉसमान आला. हे पाहायला मिन्कोव्स्की नव्हते.

अब्राहम यांचे उलट उत्तर

आता आपल्या प्रश्नाकडे. गटिंगेनमध्येच माक्स अब्राहम नावाचे भौतिकशास्त्रज्ञ अनेक वर्षे शिकवत होते. बुद्धी तल्लख, टीका धारदार. १९०९ मध्ये इटलीतल्या पालेर्मोच्या गणित नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांनीही सोळा घरांचे कोष्टक मांडले, पण वेगळे.

मिन्कोव्स्कींच्या कोष्टकात, पदार्थाच्या आत, कर्णाच्या दोन बाजूंची समोरासमोरची घरे सारखी येत नाहीत. अब्राहम यांनी ती सारखी ठेवली. ऊर्जेच्या प्रवाहाला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की संवेग मिळायला हवा, मग ती निर्वात पोकळी असो की पाणी, असे त्यांचे म्हणणे. त्यातून निघाले, की पदार्थात प्रकाशाचा संवेग अपवर्तनांकाने भागला जातो, म्हणजे कमी होतो.

दहावीला आपण शिकवतो ते अपवर्तनांक घेऊन दोघांची उत्तरे शेजारी ठेवूया. निर्वातातला संवेग १ धरला तर :

- पाणी (अपवर्तनांक १.३३) : मिन्कोव्स्की १.३३, अब्राहम ०.७५
- काच (१.५) : मिन्कोव्स्की १.५, अब्राहम ०.६७
- हिरा (२.४२) : मिन्कोव्स्की २.४२, अब्राहम ०.४१

हिऱ्यात तर दोन उत्तरांत जवळजवळ सहापट फरक!

गंमत अशी की दोन्ही बाजूंना पटण्याजोगे कारण आहे. अब्राहम यांच्या बाजूने असे बघा. अगदी गुळगुळीत टेबलावर काचेचा ठोकळा आहे, त्यातून प्रकाशाचा एक ठिपका आरपार जातो. काचेत प्रकाश मंदावतो. पण प्रकाश आणि ठोकळा यांचा मिळून जो ऊर्जेचा मध्य आहे तो एकसारख्या वेगानेच सरकायला हवा. प्रकाश मागे रेंगाळला, तर भरपाई म्हणून ठोकळा थोडा पुढे सरकलाच पाहिजे. ठोकळ्याला पुढे जाण्यासाठी संवेग प्रकाशानेच दिला. म्हणजे काचेच्या आत प्रकाशाकडे संवेग कमी उरला.

मिन्कोव्स्कींच्या बाजूने असे बघा. पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी कमी होते, हे आपण शिकवतोच. आणि पुंजभौतिकी सांगते, की तरंगलांबी जितकी कमी तितका संवेग जास्त. म्हणजे पाण्यात संवेग वाढला.

दोन्ही युक्तिवाद ऐकल्यावर मुले गोंधळतील. गोंधळू द्या, भले भले गोंधळले होते. अब्राहमही १९२२ मध्ये ४७ व्या वर्षी वारले आणि प्रश्न दोघांच्या नावाने मागे राहिला.

कोलकात्यातले दोन तरुण शिक्षक

इथे आपल्या देशाचाही एक धागा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे कोलकाता विद्यापीठात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोन तरुण नुकतेच शिकवू लागले होते. नवे भौतिकशास्त्र शिकवायचे तर मूळ लेख जर्मनमध्ये. दोघांनी आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या लेखांचे इंग्रजी भाषांतर केले. १९२० मध्ये ते पुस्तकरूपाने कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. हलत्या पदार्थातल्या लहरींवरचा मिन्कोव्स्कींचा तो १९०८ चा लेख या पुस्तकात आहे. साधने नाहीत म्हणून थांबायचे नाही, ती स्वतः तयार करायची, हे या दोन शिक्षकांनी करून दाखवले.

प्रयोगांनी काय सांगितले?

वाद मिटवायचा तर प्रयोग करा, असे आपण मुलांना सांगतो. प्रयोग झाले. पण त्यांनीही एक बाजू घेतली नाही.

१९५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जोन्स आणि रिचर्ड्स यांनी वेगवेगळ्या द्रवांत बुडवलेल्या आरशावर प्रकाश टाकून धक्का मोजला. द्रवाचा अपवर्तनांक जितका जास्त, तितका धक्का जास्त. उत्तर मिन्कोव्स्कींच्या बाजूचे.

१९७३ मध्ये अमेरिकेत ॲश्किन आणि झिएडझिक यांनी लेझरचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला. पाणी आत दबण्याऐवजी किंचित वर फुगले. आधी वाटले मिन्कोव्स्की जिंकले. नंतर हिशोब करताना लक्षात आले, की झोताच्या कडांजवळ पाण्यावर पडणारे बलही मोजायला हवे. ते धरले तर दोन्ही सूत्रांत हा फुगवटा बसतो.

१९७५ मध्ये कॅनडात वॉकर आणि सहकाऱ्यांनी बेरियम टायटनेटची चकती बारीक तंतूवर टांगली आणि प्रकाशाऐवजी सावकाश बदलणारी विद्युत व चुंबकीय क्षेत्रे वापरली. चकतीला बसलेला पीळ अब्राहम यांच्या सूत्राशी जुळला.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अतिशय थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंवर प्रकाश टाकला. अणूंना बसलेला धक्का मिन्कोव्स्कींच्या सूत्राप्रमाणे आला.

कार्पेट एरिया आणि बिल्टअप एरिया

मग खरे कोण? २०१० मध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले स्टीफन बार्नेट यांनी मांडले, की दोघेही खरे आहेत. दोघे दोन वेगळ्या राशींना संवेग म्हणत होते.

पालकांना पटेल असे उदाहरण देतो. फ्लॅट घेताना तुम्ही विचारता, एरिया किती? एकजण सांगतो ६०० चौरस फूट, दुसरा सांगतो ७२०. दोघांपैकी कुणी खोटे बोलतोय असे लगेच ठरवता येत नाही. एक कार्पेट एरिया सांगतोय, दुसरा बिल्टअप. भिंती कुणाच्या खात्यात धरायच्या, एवढाच फरक. घर तेच आहे.

प्रकाशाचेही असेच काहीसे. लहर पदार्थातून जाते तेव्हा त्यातल्या अणूंना हलवते. संवेगाचा काही भाग लहरीकडे, काही पदार्थाकडे असतो. दोघांचा हिस्सा कसा पाडायचा याच्या दोन रीती आहेत. ठोकळा प्रत्यक्षात किती सरकला, हे विचारायचे असेल तर अब्राहम यांचा संवेग कामाचा. त्याला गतिज संवेग म्हणता येईल. पदार्थाच्या आत असलेल्या अणूला किंवा आरशाला लहरीकडून किती धक्का बसतो, हे विचारायचे असेल तर मिन्कोव्स्कींचा. तो तरंगलांबीशी जोडलेला आहे. लहर आणि पदार्थ यांचा एकूण संवेग मात्र कोणत्याही रीतीने मोजा, तेवढाच येतो. नववीत शिकवलेला संवेग अक्षय्यतेचा नियम कुठेही मोडत नाही.

घराचे उदाहरण इथवरच ताणावे. भिंत दिसते आणि टेपने मोजता येते. लहर आणि अणू यांच्यातली भिंत तशी दिसत नाही, म्हणून तर हे कळायला शंभर वर्षे लागली. आणि बारीकसारीक मुद्द्यांवर अजूनही लेख येत असतात.

वर्गात काय करता येईल?

१. ठिपक्यांचा कागद : एक सेंटिमीटरवर ठिपके काढून मुलांना आव्हान द्या. वर सांगितलेल्या दोन अटी पाळून, क्षेत्रफळ चारपेक्षा जास्त ठेवून, दुसरा ठिपका आत येऊ न देणारा आकार काढून दाखवा. कुणालाच जमणार नाही. मग चारपेक्षा थोडे कमी क्षेत्रफळ घेऊन चौरस काढायला सांगा, जमेल. सिद्धान्त हाताला कळतो.

२. अंतर-काळ आलेख : गावाच्या एसटीचा किंवा लोकलचा आलेख काढा. थांबलेली गाडी कशी दिसेल? परत येणारी कशी दिसेल? हाच मिन्कोव्स्कींच्या नकाशाचा पहिला धडा.

३. दोन गट, एक प्रश्न : दहावीच्या वर्गात एका गटाला मिन्कोव्स्कींची, दुसऱ्याला अब्राहम यांची बाजू द्या. अपवर्तनांकाचा तक्ता वापरून दोन्ही उत्तरे काढू द्या. शेवटी विचारा, दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत का?

या तिसऱ्या प्रश्नासाठीच हा लेख लिहिला. आपल्या परीक्षांमुळे मुलांना वाटते, की दोन उत्तरे वेगळी आली तर एक नक्की चूक. बऱ्याचदा ते खरेही असते. पण कधी कधी आधी हे पाहावे लागते, की दोघांनी प्रश्न तोच घेतला होता का. किती, हे विचारण्याआधी नेमके काय, हे विचारावे लागते.

आणि आपल्यासाठी, म्हणजे शिक्षक-पालकांसाठी, मिन्कोव्स्कींच्या आयुष्यातले ते १९०७ चे पत्र आहे. एखाद्या मुलाविषयी आपण मत बनवतो. ते मत बनवणे टळत नाही, वर्गात साठ मुले असतात. पण पुढे त्याच मुलाने काही चांगले केले, तर त्याची वही मागून घेऊन वाचायची तयारी आपल्यात हवी. मिन्कोव्स्कींनी ती दाखवली, म्हणून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेला तिचा नकाशा मिळाला आणि पदार्थातल्या प्रकाशाचा प्रश्नही जगासमोर आला.

तुमच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. मुले काय उत्तर देतात ते जरूर कळवा.